चित्रामागचे मूल

२३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निकालाची जितक्या गांभीर्याने चर्चा व्हायला हवी होती, तितकी ती झाली नाही. चेन्नईतील एका तरुणाच्या मोबाईलमध्ये बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या ध्वनिचित्रफिती सापडल्या होत्या. अशा फिती खासगीत पाहणे अथवा जवळ बाळगणे हा गुन्हा ठरत नाही, असे सांगून मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये त्याच्यावरील खटला रद्द केला. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. जे. बी. पारडीवाला यांच्या खंडपीठाने हा निर्णय फिरविला आणि खटला पुन्हा सुरू केला. इतरांना पाठविण्याच्या हेतूने असे साहित्य न मिटविता वा न कळविता बाळगणे हाही पॉक्सो कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे, असा स्पष्ट निर्वाळा खंडपीठाने दिला.

या निकालातील एक सूचना शब्दांविषयीची आहे, आणि तीच सर्वांत मोलाची आहे. ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्दप्रयोग यापुढे न्यायालयांनी करू नये, त्याऐवजी ‘बाल लैंगिक शोषण व अत्याचार साहित्य’ असे म्हणावे, असे खंडपीठाने सांगितले. कायद्यातील शब्दही तसाच बदलावा, अशी शिफारस संसदेला केली. वरवर पाहता हा भाषेचा प्रश्न वाटेल. पण ‘पोर्नोग्राफी’ म्हटले की मनात प्रश्न उभा राहतो तो पाहणाऱ्याच्या नैतिकतेचा. ‘अत्याचाराचे साहित्य’ म्हटले की प्रश्न उभा राहतो तो ज्याच्यावर अत्याचार झाला त्या मुलाचा. ते मूल कोण, कोठले, आज ते सुरक्षित आहे की अजून त्याच अत्याचाऱ्याच्या घरात आहे? आपली शासनयंत्रणा आणि आपला समाज यांना हा प्रश्न अजून नीट विचारता आलेला नाही.

अश्लीलतेकडून अत्याचाराकडे

भारतीय कायद्याने या विषयात केलेला प्रवास पाहण्यासारखा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली झाला, तेव्हा त्यात अश्लील मजकुराच्या प्रसारणाबद्दल शिक्षेचे एक सर्वसाधारण कलम होते. बालकांचा स्वतंत्र विचार त्यात नव्हता. २००४ च्या अखेरीस दिल्लीतील दोन शाळकरी मुलांची मोबाईलवर टिपलेली खासगी चित्रफीत एका खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर विक्रीस ठेवली गेली, तेव्हा देशभर खळबळ उडाली. संकेतस्थळाच्या मुख्य अधिकाऱ्याला अटक झाली. मध्यस्थ कंपनीची जबाबदारी किती, यावर वर्षानुवर्षे न्यायालयीन खल झाला. मात्र त्या चित्रफितीतील अल्पवयीन मुलीचे पुढे काय झाले असेल, हा प्रश्न त्या साऱ्या चर्चेत जवळपास नव्हताच. कायद्याच्या लेखी ते एक अश्लील चित्रण होते, आणि समाजाच्या लेखी चघळण्याचा विषय.

त्यानंतर पावले पडत गेली. डिसेंबर २००८ मध्ये संसदेने केलेल्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६७-ब आले आणि ऑक्टोबर २००९ पासून ते अमलात आले. बालकांचे लैंगिक चित्रण प्रसिद्ध करणे, पाठविणे, एवढेच नव्हे, तर शोधणे, पाहणे आणि उतरवून घेणे यांस पहिल्या अपराधासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा ठरली. इंटरनेटवरून बालकांना फूस लावून लैंगिक संबंधाकडे ओढणे हेही त्याच कलमात आले. १४ नोव्हेंबर २०१२ रोजी लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा पॉक्सो कायदा लागू झाला. २०१९ च्या दुरुस्तीने त्यातील व्याख्या विस्तारली. संगणकाने तयार केलेले, पण खऱ्या बालकापासून वेगळे न ओळखू येणारे चित्रही तिच्या कक्षेत आले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने कोणाही मुलाच्या साध्या छायाचित्राची विटंबना करता येण्याच्या आजच्या काळात ही दूरदृष्टी उपयोगी पडणार आहे.

गोव्याने तर हे भान फार आधी दाखविले होते, पण त्यासाठी मोठी किंमत मोजून. मडगाव परिसरात अनाथ व गरीब मुलांसाठी वसतिगृह चालविणारा फ्रेडी पीट्स १९९१ मध्ये पकडला गेला. त्याच्याकडे मुलांची शेकडो अश्लील छायाचित्रे सापडली. परदेशी गिऱ्हाइकांना तो मुले पुरवीत असे. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. समाजसेवेच्या बुरख्याआड वर्षानुवर्षे हे चालले आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना पत्ता लागला नाही. या धक्क्यातून आणि नंतरच्या घटनांतून २००३ चा गोवा बालक कायदा आकाराला आला. छायाचित्रे धुऊन देणाऱ्या व्यावसायिकाच्या नजरेस बालकांचे लैंगिक चित्रण पडले, तर त्याने ते जवळच्या पोलीस ठाण्याला कळविलेच पाहिजे, असे बंधन त्या कायद्याने घातले. छायाचित्र ज्याच्या हातून जाते, त्याला ‘मी फक्त धंदा करतो’ असे म्हणून सुटता येणार नाही, हे ते तत्त्व. आज छायाचित्रे धुणारी दुकाने उरली नाहीत. त्यांची जागा जगड्व्याळ कंपन्यांनी घेतली आहे. तत्त्व मात्र तेच लागू करायचे आहे.

‘हे तिकडचे’ या समजुतीचा आधार

फ्रेडी पीट्सचे प्रकरण, किंवा डिसेंबर २००० मध्ये मुंबईत झोपडपट्टीतील मुलींची छायाचित्रे काढताना पकडले गेलेले स्विस दांपत्य, अशा घटनांनी समाजाची एक समजूत पक्की केली. ही विकृती पाश्चात्त्य आहे, ती विमानाने येते आणि आपल्या गरिबीचा गैरफायदा घेते, ही ती समजूत. त्यात तथ्यांश होता. त्या दांपत्याला मुंबईच्या सत्र न्यायालयाने २००३ मध्ये सात वर्षांची शिक्षा दिली. पण पुढच्याच वर्षी, पीडित मुलींना भरपाई देण्याच्या अटीवर, त्यांची शिक्षा भोगलेल्या काळापुरती कमी झाली आणि त्यांनी देश सोडला. परकीयाला पैसे भरून सुटता येते, हे दृश्य कोणाही स्वाभिमानी भारतीयाला क्लेश देणारेच होते.

परंतु ही समजूत आज कवटाळून बसणे म्हणजे आपल्याच मुलांशी प्रतारणा ठरेल. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने उत्तर प्रदेशातील पाटबंधारे खात्याच्या एका कनिष्ठ अभियंत्याला अटक केली. बांदा, चित्रकूट आणि हमीरपूर या जिल्ह्यांतील सुमारे पन्नास बालकांवर त्याने दहा वर्षे अत्याचार केले आणि त्यांचे चित्रण इंटरनेटवरून विकले, असा विभागाचा आरोप होता. सरकारी नोकरी, संसार, गावात प्रतिष्ठा, सारे काही त्याच्याकडे होते. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, याच विभागाने ‘ऑपरेशन कार्बन’ या मोहिमेत १४ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत ७७ ठिकाणी छापे घातले. त्या तपासात समाजमाध्यमांवरील पन्नासहून अधिक गट आणि त्यांतील पाच हजारांवर व्यक्ती समोर आल्या. सप्टेंबर २०२२ मधील ‘ऑपरेशन मेघचक्र’ मोहिमेतही देशभर पन्नासहून अधिक ठिकाणी झडत्या झाल्या. हे सारे गोऱ्या कातडीचे पर्यटक नव्हते.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १३ राज्यांतील पाहणीत निम्म्याहून अधिक, ५३ टक्के, बालकांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे जण मुलांच्या ओळखीचे, त्यांच्या विश्वासातले होते आणि बहुसंख्य मुलांनी हे कोणालाही सांगितले नव्हते. तेव्हा प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा नव्हता. आज तो आहे. कुटुंबव्यवस्था ही आपल्या समाजाची शक्ती आहे, यात शंका नाही. पण त्याच कुटुंबाच्या ‘अब्रू’च्या कल्पनेने मुलाचे तोंड बंद होत असेल, तर ती शक्ती अत्याचाऱ्याच्या कामी येते, हे मान्य करण्याचे धैर्य समाजाने दाखविले पाहिजे.

नोंदींचा पूर आणि हरवलेले मूल

कायदा आहे, न्यायालयाचा निर्वाळा आहे, तपासयंत्रणाही आहे. मग अडते कोठे? त्यासाठी माहितीचा एक दुवा कंपनीपासून पोलीस ठाण्यापर्यंत कसा जातो, हे पाहावे लागेल.

इंटरनेटवरील बहुतेक मोठ्या कंपन्या अमेरिकन आहेत. आपल्या सेवेत बालकांच्या अत्याचाराचे चित्रण आढळले, तर ‘नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉयटेड चिल्ड्रन’ या संस्थेला कळविणे तेथील कायद्याने त्यांना बंधनकारक आहे. पूर्वी सापडलेल्या प्रत्येक चित्राचा एक गणिती ठसा तयार करून ठेवलेला असतो. तेच चित्र पुन्हा कोठे आले, तर संगणक ते ठशावरून ओळखतो. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि प्रा. हॅनी फरीद यांनी विकसित केलेले ‘फोटोडीएनए’ हे तंत्र याच तत्त्वावर चालते. २०२३ मध्ये या अमेरिकी संस्थेकडे जगभरातून ३ कोटी ६२ लाख नोंदी आल्या. त्यांतील सुमारे ८९ लाख नोंदींचा माग भारताकडे निघाला, आणि हा आकडा सर्व देशांत सर्वाधिक होता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०१९ मध्ये या संस्थेशी करार केला, तेव्हापासून या नोंदी अधिकृतपणे भारताकडे येऊ लागल्या आणि तेथून राज्यांच्या पोलिसांकडे पाठविल्या जाऊ लागल्या. चेन्नईच्या त्या तरुणाचा शोधही अशाच एका नोंदीवरून लागला होता.

८९ लाख हा आकडा ऐकून मान खाली जाते. पण तो समजून घेतला पाहिजे. एक नोंद म्हणजे एक गुन्हेगार नव्हे आणि एक बालकही नव्हे. एकच चित्रफीत हजारो लोकांनी पुढे पाठविली, तर हजारो नोंदी होतात. २०२० च्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबर महिन्यांतील नोंदी तपासून फेसबुकने २०२१ मध्ये जाहीर केले की, त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक साहित्य पूर्वीच आढळलेल्या साहित्याच्या प्रतींचे होते. केवळ सहा चित्रफितींच्या प्रती निम्म्याहून अधिक नोंदींना कारणीभूत होत्या. ज्या दीडशे खात्यांचा अभ्यास केला, त्यांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक खातेदारांचा दुष्ट हेतू दिसत नव्हता. कोणी संतापाने, कोणी ‘या नराधमाला पकडून द्या’ म्हणून, तर कोणी विकृत विनोद म्हणून ते पुढे पाठविले होते.

या माहितीचा अर्थ गंभीर आहे. नोंदींच्या या पुरात जुन्या चित्रफितींच्या प्रतीच अधिक असतात, आणि त्यांच्या ढिगाखाली एखादी नवी नोंद दडलेली असते. ती असते आजवर कोठेही न दिसलेल्या चित्राची, आज या क्षणी कोठेतरी सोसत असलेल्या मुलाची. सर्व नोंदी येतील त्या क्रमाने जिल्ह्यांना वाटल्या आणि ‘अमुक इतके गुन्हे दाखल, अमुक इतक्या अटका’ एवढेच यशाचे माप ठेवले, तर पोलीस सोप्या प्रकरणांमागे धावतील. गटात आलेली चित्रफीत पुढे पाठविणारा तरुण सापडेल, शिक्षाही होईल, आणि ते योग्यच आहे. पण मूल सापडणार नाही.

त्यात वेळेचा प्रश्न आहे. नोंदीबरोबर खात्याचे नाव, वेळ आणि इंटरनेटवरील पत्ता येतो. मोबाईल जोडण्यांमध्ये एकाच वेळी अनेक ग्राहक तोच पत्ता वापरत असतात. नेमका सेकंद आणि जोडणीचा क्रमांक मिळाला, तरच दूरसंचार कंपनी ग्राहकाचे नाव सांगू शकते. अमेरिकेतून दिल्लीला, दिल्लीहून राजधानीच्या शहरात आणि तेथून जिल्ह्याच्या ठाण्यात कागद पोहोचेपर्यंत महिने गेले, तर तोवर मोबाईल बदललेला असतो, भाडेकरू दुसऱ्या गावी गेलेला असतो. ज्या मुलाला सोडवायचे, त्याच्यासाठी हे महिने कसे गेले असतील, याची कल्पनाही करवत नाही.

मूल शोधण्याचे शास्त्र

चित्रावरून मूल शोधता येते का? येते. इंटरपोलकडे त्यासाठी आंतरराष्ट्रीय चित्रसंग्रह आहे, आणि २०२२ मध्ये भारत केंद्रीय अन्वेषण विभागामार्फत त्याला जोडला गेलेला ६८ वा देश ठरला. तेथील तपास अधिकारी चित्रातील मुलाच्या चेहऱ्याइतकेच मागच्या भिंतीकडे पाहतात. विजेच्या बटणांचा फलक कोणत्या बनावटीचा आहे, पलंगावरील चादर कोठे विकली जाते, दप्तरावर कोणत्या शाळेचे बोधचिन्ह आहे, पार्श्वभूमीला कोणती भाषा ऐकू येते, हे ते टिपतात. युरोपोलने २०१७ पासून चित्रांतील केवळ अशा वस्तू कापून वेगळ्या काढून जनतेसमोर ठेवल्या आणि ‘ही वस्तू कोठली?’ असे विचारले. मूल दाखवायचे नाही, वस्तू दाखवायची. सामान्य नागरिकांच्या उत्तरांनी तपासाला दिशा मिळत गेली.

हे काम भारतात तर स्थानिक माणसावाचून होणारच नाही. चित्रफितीत मागून येणारा आवाज वऱ्हाडी बोलतो की मालवणी, भिंतीवरचे कॅलेंडर कोणत्या पतसंस्थेचे आहे, गणवेश कोणत्या तालुक्यातील शाळेचा आहे, हे दिल्लीतील अधिकाऱ्याला कळणार नाही. ते कळेल अकोल्याच्या किंवा सावंतवाडीच्या पोलिसाला. केरळ पोलिसांनी २०१७ पासून ‘ऑपरेशन पी-हंट’ सुरू करून एकाच दिवशी राज्यभर झडत्या घेण्याची पद्धत बसविली आणि बालकांच्या शोषणाविरुद्ध स्वतंत्र कक्ष उभा केला. महाराष्ट्र सायबर विभागाने २०२० मध्ये ‘ऑपरेशन ब्लॅकफेस’ हाती घेऊन अशा नोंदींवरून जिल्ह्याजिल्ह्यांत गुन्हे दाखल केले. नवी मुंबईतील महापे येथे राज्याचे अद्ययावत सायबर केंद्रही उभे आहे. पाया आहे. आता त्यावर ‘पीडित बालकाचा शोध’ हेच एकमेव काम असलेला पथकांचा मजला चढविला पाहिजे.

धोरणकर्त्यांनी काय करावे

पहिली गोष्ट म्हणजे अग्रक्रम. नोंद हाती येताच ‘हे चित्र नवे आहे का आणि मूल आज धोक्यात आहे का’ या एका प्रश्नावर तिची वर्गवारी व्हावी. नव्या चित्राची नोंद तासांत जिल्ह्यापर्यंत पोहोचावी. राज्य पोलिसांनी दरवर्षी प्रसिद्ध करायच्या आकड्यांत ‘ओळख पटलेली आणि सुरक्षित केलेली बालके’ असा स्वतंत्र रकाना असावा. ज्याचे मोजमाप होते, त्याच कामाकडे यंत्रणा लक्ष देते, हा शासनव्यवहाराचा जुना अनुभव आहे.

दुसरी गोष्ट न्यायदानाची. पॉक्सो कायद्यात दखल घेतल्यापासून तीस दिवसांत बालकाची साक्ष आणि शक्यतो एका वर्षात निकाल अशी अपेक्षा आहे. बालकाचा जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, मुलाच्या घरी वा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी घ्यावा, अशी तरतूद आहे. २०२० च्या नियमांनी सोबतीला सहायक व्यक्ती देण्याची व्यवस्था केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांनी झडतीचे चित्रण आणि सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांची भेट आवश्यक केली. पण जप्त मोबाईलचा अहवाल प्रयोगशाळेतून येण्यासच दीर्घ काळ लागला, तर या सुंदर तरतुदी कागदावरच राहतात. डिजिटल न्यायवैद्यक प्रयोगशाळांची क्षमता वाढविणे हा या लढाईतील सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत आवश्यक खर्च आहे.

तिसरी गोष्ट कायद्यातील विसंगतीची. पॉक्सोच्या पंधराव्या कलमात, पाठविण्याच्या हेतूने असे साहित्य न कळविता बाळगणाऱ्याला पहिल्या अपराधासाठी किमान पाच हजार रुपयांचा दंड एवढीच शिक्षा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात मात्र पाहण्या-उतरविण्यालाही पाच वर्षांपर्यंत कारावास आहे. संसदेने शब्द बदलताना ही दरीही बुजवावी. त्याच वेळी, फसवणुकीला बळी पडून स्वतःचेच चित्र पाठविलेल्या मुलाला वा मुलीला या कलमांची भीती वाटता कामा नये. ते मूल पीडित आहे, आरोपी नव्हे, हे कायद्यात निःसंदिग्धपणे लिहिले जावे. धमकावणाऱ्याचे सर्वांत मोठे शस्त्र ‘तूच अडकशील’ हे असते.

चौथी गोष्ट कंपन्यांची. मध्यस्थ म्हणून मिळणारे कायदेशीर संरक्षण हवे असेल, तर केवळ अमेरिकी संस्थेला कळवून भागणार नाही, पॉक्सो कायद्यानुसार भारतीय पोलिसांनाही कळवावे लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या निकालात बजावले आहे. संदेशांच्या पूर्ण सांकेतिकीकरणाचा प्रश्न अवघड आहे. त्याने सामान्य नागरिकाच्या खासगीपणाचे रक्षण होते आणि गुन्हेगारालाही आडोसा मिळतो. २०२४ मध्ये जागतिक नोंदी २ कोटी ५ लाखांवर उतरल्या. त्यामागे अनेक नोंदी एकत्र बांधण्याची नवी पद्धत होती, तसेच हे सांकेतिकीकरणही होते. नोंदी घटल्या म्हणून अत्याचार घटले, असा समज कोणी करून घेऊ नये. मात्र संदेश न उघडताही कंपनीला पुष्कळ काही करता येते. अनोळखी प्रौढाला मुलांच्या खात्याशी थेट संपर्क साधू न देणे, तक्रारीची सोय मराठीसह सर्व भारतीय भाषांत ठळकपणे देणे, आणि गटांची उघड दिसणारी नावे व चित्रे तपासणे, हे तिच्या हातात आहे. येथे नफा कमवायचा, तर येथील मुलांच्या रक्षणाचा खर्चही येथेच केला पाहिजे.

पाचवी गोष्ट अशी की, यांतील बरेच काही नव्याने सांगण्याची गरजच नाही. राज्यसभेचे तत्कालीन सभापती व्यंकय्या नायडू यांनी नेमलेल्या आणि जयराम रमेश यांच्या अध्यक्षतेखालील सर्वपक्षीय समितीने जानेवारी २०२० मध्ये चाळीस शिफारशी दिल्या. राज्यपातळीवर ई-सुरक्षा आयुक्त नेमावेत, ही त्यांतीलच एक. पक्षभेद बाजूला ठेवून झालेल्या त्या कामाचे काय झाले, हे प्रत्येक खासदाराला त्याच्या मतदारांनी विचारले पाहिजे.

समाजाचे दायित्व

शासनाला प्रश्न विचारताना समाजाने स्वतःलाही वगळू नये. पॉक्सो कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाने प्रत्येक व्यक्तीवर कळविण्याचे बंधन घातले आहे. संस्थेच्या प्रमुखाने गुन्हा दडविला, तर त्याला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. शाळा, वसतिगृह, संस्कारवर्ग, क्रीडामंडळ, बालकाश्रम चालविणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने हे कलम पाठ केले पाहिजे. ‘कार्यकर्ता जुना आहे’, ‘संस्थेचे नाव खराब होईल’, ‘आपसांत मिटवू’ ही वाक्ये ज्या बैठकीत उच्चारली जातात, तेथे संस्थेचे नाव खरोखरच बुडालेले असते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेत दोन चिमुरड्यांवर झालेल्या अत्याचारानंतर पालकांना गुन्हा नोंदवून घेण्यासाठी तासन्‌तास ताटकळावे लागले आणि मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्या प्रकरणात इंटरनेटचा संबंध नव्हता. पण संस्थेचे मौन आणि ठाण्यातील दिरंगाई यांचा रोग तोच आहे. सत्कार्याच्या मंडळींमध्ये असे घडणार नाही, हा विश्वास सुखद असतो. फ्रेडी पीट्सच्या वसतिगृहाभोवतीही तोच विश्वास होता.

कुटुंबांसाठी काही साधी पथ्ये आहेत. असे चित्र मोबाईलवर आले, तर ते कोणालाही, संतापानेसुद्धा, पुढे पाठवू नये. प्रत्येक वेळी ते पाहिले जाते, तेव्हा त्या मुलाची पुन्हा विटंबना होते. पाठविणाऱ्याचे नाव, क्रमांक, गट आणि वेळ टिपून ठेवावी आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर कळवावे. बालकांच्या बाबतीत तेथे नाव न सांगताही तक्रार करता येते. हैदराबादच्या ‘प्रज्वला’ संस्थेच्या सुनीता कृष्णन यांनी २०१५ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रातून जी न्यायालयीन प्रक्रिया सुरू झाली, तिच्यातून २०१८ मध्ये ही सोय झाली. संकटातील मुलासाठी १०९८ हा क्रमांक आहे, तातडीच्या पोलीस मदतीसाठी ११२ आहे. आणि मूल स्वतः अडकले असेल, तर त्याच्याशी बोलताना पहिले वाक्य ‘तू असे का केलेस?’ हे नसावे. ‘तू सांगितलेस हे बरे केलेस, आता हे आम्ही पाहून घेऊ’ हे असावे. या एका वाक्यावर पुढचे सारे अवलंबून असते, कारण अत्याचारी व्यक्ती घरच्यांच्या रागावरच विसंबून असते. मुलाशी शरीराविषयी, चांगल्या-वाईट स्पर्शाविषयी, इंटरनेटवरील अनोळखी मैत्रीविषयी मोकळेपणाने बोलणे म्हणजे संस्कारांना तिलांजली नव्हे. मुलाला निर्भय करणे हा संस्कारच आहे.

अश्लीलतेबद्दल घृणा व्यक्त करणे सोपे असते, त्यासाठी काही करावे लागत नाही. मूल शोधून काढणे कष्टाचे असते. त्यासाठी प्रशिक्षित पोलीस लागतो, वेळेत अहवाल देणारी प्रयोगशाळा लागते, जबाबदारी मानणारी कंपनी लागते, तोंड उघडणारा शेजारी लागतो आणि ऐकून घेणारे आई-वडील लागतात. कायद्याने आपली भाषा बदलली आहे. आता पोलीस ठाण्यात अशी एखादी नोंद येईल, तेव्हा पहिला प्रश्न ‘हे कोणी पाहिले?’ याआधी ‘हे मूल कोणाचे?’ असा विचारला गेला पाहिजे. ते मूल या समाजाचे आहे, एवढे उत्तर तरी समाजाकडे तयार असले पाहिजे.